धनुर्मास पाळायचा म्हणजे नेमके काय पाळायचे?

तुळशीपाशी (धागाकर्ती)

माझ्या सासूबाई शनिवार पेठेतल्या वाड्यात राहत होत्या तोपर्यंत त्यांनी धनुर्मास कधी चुकवला नाही. महिनाभर रोज जमत नसे, पण एक रविवार तरी ठरलेला असे. त्या दिवशी पहाटे चारला बंब पेटायचा. साडेसहापर्यंत मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत आणि लेकुरवाळी भाजी तयार असायची, आणि उजाडता उजाडता देवाला व सूर्याला नैवेद्य दाखवून घरातली व बिऱ्हाडांतली मिळून पंधरा-वीस माणसे कुडकुडत पंगतीला बसायची. नवी नवरी असताना मला त्यात फक्त हौस दिसली होती.

आता आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. गेली दोन वर्षे मी ही प्रथा पुन्हा सुरू करून पाहिली आणि दोन्ही वेळा ती फसली. पहिल्या वर्षी सगळा स्वयंपाक केला, पण पाहुणे साडेनऊला आले. लोण्यासह भाकरी-खिचडी यथेच्छ जेवून सगळे दुपारभर लोळले आणि संध्याकाळी प्रत्येकाला जडपणा आला. दुसऱ्या वर्षी हट्टाने पहाटे चारला उठले, मात्र आदल्या रात्री झोपायला साडेबारा वाजले होते. पुढचे चार दिवस सर्दी, कणकण आणि छातीत जळजळ यांत गेले. त्या चार दिवसांत पडल्या पडल्या मला सासूबाईंची आदली संध्याकाळ आठवली. त्या साडेसातला हलके जेवून घेत, आठला चूल सारवून मोकळ्या होत आणि नऊला वाड्यातला दिवा मालवत. हा भाग आम्हाला कोणी व्रत म्हणून सांगितलाच नव्हता, कारण तेव्हा तो सांगावा लागत नव्हता. धनुर्मासाचे व्रत पहाटे चारला नव्हे, तर आदल्या रात्री नऊला सुरू होते, असे आता माझे मत झाले आहे.

दुसरा विचार मुहूर्तांविषयी आहे. धनुर्मासात लग्नमुंजी करत नाहीत, पौषाला तर भाकड महिनाच म्हणतात. पूर्वी मला यात निव्वळ अंधश्रद्धा दिसे. गेल्या मोसमात मात्र पाच लग्ने, दोन डोहाळजेवणे आणि एक वास्तुशांत उरकल्यावर असे वाटू लागले की, वर्षातून एक महिना ‘सध्या मुहूर्त नाही’ असे निःसंकोच म्हणता येणे ही घरातल्या बायकांसाठी तरी मोठीच सोय असली पाहिजे. थकलेल्या माणसाला नाही म्हणायला कारण लागते आणि पंचांगाने ते आयते दिलेले होते.

या वर्षी ही प्रथा नीट समजून करावी, असा विचार आहे. तिथींचा, आहाराचा आणि विश्रांतीचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ज्योतिषावर विश्वास असलेल्यांनी लिहावे आणि नसलेल्यांनीही लिहावे.

पंचांगवाचक

ताई, तुमच्या मुहूर्तांच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती करावी लागेल. सूर्य धनु राशीत असताना मंगल कार्ये पूर्ण वर्ज्य मानण्याची पद्धत उत्तर भारतात अधिक कडक आहे. तिकडे त्या काळाला खरमास म्हणतात. आपल्याकडच्या पंचांगांत डिसेंबरच्या उत्तरार्धातही विवाहमुहूर्त दिलेले आढळतात आणि परदेशातली मुले नाताळच्या सुट्टीत येत असल्यामुळे पुण्यातली कार्यालये तेव्हा रिकामी नसतात. पौषाविषयीचा संकोच मात्र आपल्याकडे जुना आहे. तेव्हा तुम्हाला कारण हवेच असेल तर ते पौषाच्या नावाने सांगा, धनुर्मासाच्या नावाने सांगाल तर एखादा जाणकार तुम्हाला अडवील.

आता महिन्याविषयी. धनुर्मास हा चांद्र महिना नसून सौर महिना आहे. निरयन पद्धतीने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या हिशेबाने, सूर्य साधारण १६ डिसेंबरला धनु राशीत जातो आणि १४ किंवा १५ जानेवारीला मकरेत प्रवेश करतो. तेवढा काळ म्हणजे धनुर्मास, ज्याला आपण झुंझुरमास किंवा धुंधुरमासही म्हणतो. पुण्यात ज्या घरांत टिळक पंचांग चालते तिथे अयनांश (राशींची गणना आणि ऋतूंची गणना यांतले अंतर) सुमारे चार अंशांनी कमी धरलेला असल्यामुळे संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, आणि त्या हिशेबाने धनुर्मासही चार दिवस आधी लागतो. एकाच सोसायटीत दोन घरांत दोन वेगवेगळ्या दिवशी तिळगूळ वाटला जाण्याचे कारण हेच.

खरी गंमत पुढे आहे. सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरेकडे वळणे २१ किंवा २२ डिसेंबरलाच होते. संपातबिंदू, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचे सूर्याचे स्थान, ताऱ्यांच्या तुलनेत दर ७२ वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतो, त्यामुळे राशींची गणना आणि ऋतूंची गणना यांच्यात आज जवळजवळ २४ अंशांचे अंतर पडले आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत सौर पौष २२ डिसेंबरलाच सुरू होतो, तो याच विचाराने. म्हणजे आपल्या आजच्या धनुर्मासात पहिला आठवडा दक्षिणायनाचा आणि उरलेले तीन आठवडे उत्तरायणाचे असतात, आणि वर्षातली सर्वांत मोठी रात्र त्याच्या पोटात येते. पुण्यात ही रात्र सुमारे तेरा तासांची असते.

आणखी एक बारकावा पहाटे उठणाऱ्यांसाठी. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, म्हणून सूर्योदय लवकर होऊ लागेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात १६ डिसेंबरला पुण्यात सुमारे सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उगवणारा सूर्य संक्रांतीला सात वाजून नऊ मिनिटांच्या आसपास उगवतो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने, सकाळ जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराचीच राहते. तेव्हा सूर्योदयाला नैवेद्य दाखवायचा असेल, तर ताई, पहाटे चारला उठण्याची मुळीच गरज नाही. गॅसच्या शेगडीवर पाचला सुरुवात केली तरी पुरे. बंब आणि चुलीच्या काळातली वेळ आपण उगाच जपतो.

हडपसरचा नास्तिक

धागाकर्तीने विश्वास नसलेल्यांनाही बोलावले आहे, म्हणून लिहितो. सूर्य धनु राशीत आहे की वृश्चिकेत, हे बाजरीला ठाऊक नसते. थंडीत भूक लागते, नवे धान्य आलेले असते, भाज्या स्वस्त असतात, म्हणून माणसे चांगले जेवतात. त्याला राशीचे लेबल लावल्याने खिचडीच्या उष्मांकांत फरक पडत नाही. पंचांगवाचकांच्याच हिशेबाने राशी आणि ऋतू एकमेकांपासून सुटत चालले आहेत. मग काही हजार वर्षांनी धनुर्मास उन्हाळ्यात आला, तर तेव्हाही लोणी-भाकरी खायची काय?

पंचांगवाचक

आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. राशीचे नाव ही आठवण ठेवण्याची खूण आहे. खुणेची काठी वाहून जाऊ लागली, तर रस्ता बदलायचा नसतो, काठी पुन्हा रोवायची असते.

वैद्य, नावापुरता नव्हे

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे. ग्रहांविषयी मी काही बोलणार नाही. ऋतुचर्येविषयी मात्र बोलणे भाग आहे, कारण या प्रथेचे मूळ मला तिथे स्पष्ट दिसते.

चरकाने वर्षाचे दोन भाग केले आहेत. दक्षिणायनातल्या वर्षा, शरद आणि हेमंत या ऋतूंचा विसर्गकाल, ज्यात प्राण्यांचे बळ वाढत जाते, आणि उत्तरायणातल्या शिशिर, वसंत व ग्रीष्म यांचा आदानकाल, ज्यात ते कमी होत जाते. हेमंत विसर्गाच्या शेवटी आणि शिशिर आदानाच्या आरंभी येतो, म्हणून या सांध्यावर बळ सर्वांत जास्त असते. बाहेरच्या गारठ्यामुळे शरीरातली उष्णता आत कोंडली जाते, जठराग्नी प्रखर होतो आणि त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही, तर तो शरीरातल्या रसधातूलाच जाळू लागतो, असे चरकाचे म्हणणे आहे. म्हणून या ऋतूत स्निग्ध, आंबट व खारट रसांचे अन्न, दूध, उसापासूनचे पदार्थ, तेल-तूप आणि गरम पाणी सांगितले आहे, अंगाला तेल लावून ऊन घेण्यास सांगितले आहे, आणि अल्प व वातूळ खाणे टाळण्यास सांगितले आहे. डिसेंबरात उपवासाचे नवे प्रयोग सुरू करणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

आयुर्वेदाचा दुसरा प्राचीन ग्रंथकार वाग्भट, त्याने यात एक फार व्यावहारिक निरीक्षण जोडले आहे. या ऋतूत रात्री मोठ्या असल्यामुळे माणूस सकाळीच भुकेलेला असतो, असे तो म्हणतो. तुमच्या सासूबाईंच्या पंगतीचे शास्त्र इतकेच आहे. रात्री साडेसातला हलके जेवून नऊला झोपलेल्या माणसाला सकाळी साडेसहा-सातला अकरा तासांचा लंघनकाल, म्हणजे उपाशी काळ, घडलेला असतो आणि त्याला बाजरी-लोणी सहज पचते. रात्री साडेदहाला पोटभर जेवून बाराला झोपलेल्या माणसाने तीच भाकरी सकाळी सातला खाल्ली, तर पहिले अन्न पचण्याआधी दुसरे पोटात जाते. ताई, तुमची छातीतली जळजळ तिथून आली असावी.

पुण्याच्या हवेचाही विचार करावा. इथे डिसेंबरात पहाटेचा पारा साधारण अकरा-बारा अंशांवर असतो आणि दुपारी तो एकोणतीस-तीसपर्यंत चढतो. म्हणजे आपल्याकडे हेमंत पहाटे आणि रात्री असतो, दुपारी जवळजवळ नसतोच. जड व स्निग्ध जेवण पहाटेला बांधून टाकणाऱ्या माणसांनी ही हवा नीट ओळखली होती, असे मला वाटते. साडेनऊनंतर, उन्हे तापू लागल्यावर केलेली तीच मेजवानी सुस्ती आणते, हे तुम्ही पहिल्या वर्षी अनुभवलेच आहे.

विश्रांतीविषयी एक अप्रिय गोष्ट. दिवसा झोपणे आयुर्वेदाने निरोगी माणसासाठी ग्रीष्मातच मान्य केले आहे. इतर ऋतूंत, विशेषतः थंडीत, ते कफ वाढवते. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात पवित्र आहे हे मी जाणतो, तरीही हिवाळ्याची विश्रांती रात्रीच घ्यायची असते.

मधुमेह असलेल्यांनी डिंकाचे लाडू आणि तिळगूळ यांचा हिशेब आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा. गर्भवतींनी अळिवाचे लाडू टाळावेत, ते बाळंतिणीसाठी आहेत. आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, चरकाने हे अन्न सांगितले ते व्यायाम करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून. सकाळी टेकडी चढणार नसाल, तर लोणी निम्मे करा.

हिंजवडीची रात्र

नऊला दिवा मालवण्याचा सल्ला वाचून हसू आले आणि मग थोडे वाईटही वाटले. आमचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. उन्हाळ्यात त्यांची सकाळची नऊची बैठक आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते आपली घड्याळे एक तास मागे घेतात आणि तीच बैठक आपल्याकडे साडेसातवर जाते. म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत रात्र मोठी होते आणि शरीर लवकर झोपू पाहते, त्याच महिन्यांत आमचा कामाचा दिवस एक तास पुढे ढकलला जातो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हे असेच चालते. घरी पोहोचायला अकरा वाजतात, जेवण साडेअकराला होते. या वेळापत्रकात धनुर्मास कसा बसवायचा, हे वैद्यांनी सांगावे.

वैद्य, नावापुरता नव्हे

रोज बसवू नका. शनिवारी रात्री तुमची बैठक नसते. रविवार हाच तुमचा धनुर्मास समजा. इतर दिवशी मुख्य जेवण बैठकीच्या आधी, सातच्या सुमारास डब्यातून उरका आणि घरी गेल्यावर फक्त मुगाचे कढण किंवा हळद-सुंठ घातलेले दूध घ्या. साडेअकराचे जेवण बंद झाले, तरी निम्मे काम झाले.

गिरणीच्या दारात

शास्त्राच्या चर्चेत भाकरी मागे पडू नये म्हणून लिहिते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्यामुळे ते लवकर खवट-कडू होते. उन्हाळ्यात तर आठवडाभरातच त्याची चव फिरते. बाजरी थंडीतच खाण्यामागे ती उष्ण मानली जाते हे कारण आहेच, पण खरीपाची नवी बाजरी दिवाळीच्या सुमारास बाजारात येते आणि थंडीत तिचे पीठ टिकते, हेही कारण मला तितकेच मोठे वाटते. एका वेळी दीड-दोन किलोपेक्षा जास्त दळून आणू नये. पुडीतले तयार पीठ घेणार असाल, तर दळल्याची तारीख पाहावी आणि घरी आल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावे.

बाजरीला चिकटपणा नसतो. म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवावे, एका वेळी एकाच भाकरीपुरते घ्यावे आणि परातीत तळहाताने चांगले रगडून मळावे. थापताना वरच्या बाजूवर तीळ पेरून हलक्या हाताने दाबावेत. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवताना तीळ वाहू नयेत एवढे बेताने फिरवावे. पाणी सुकायच्या आत उलटावी, नाहीतर भेगा पडतात. दुसरी बाजू पूर्ण भाजली की विस्तवावर टाकावी, म्हणजे पापुद्रा सुटतो. लोणी त्या पापुद्र्याच्या आत ठेवायचे असते, वर नव्हे.

डिंकाच्या लाडवांत बहुतेक वेळा चूक डिंक तळताना होते. खडे मोठे असले की ते बाहेरून फुलतात आणि आत कच्चे राहून दाताला चिकटतात. डिंक आधी उन्हात वाळवून, बारीक फोडून, भरपूर तुपात मंद आचेवर थोडा थोडा तळावा. फुललेला दाणा बोटांत चुरला गेला पाहिजे. खारीक, सुके खोबरे आणि खसखस यांचे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे असते आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते, म्हणून ते मी सांगत नाही.

साडेसातीतला

ज्योतिषाच्या बाजूने फारसे कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून माझा अनुभव लिहितो. मी पासष्टीचा आहे. शनीला राशिचक्राची एक फेरी पूर्ण करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे साधारण तेवढ्या अंतराने साडेसाती परत येते. लहानपणची मोजली नाही, तर माझी ही दुसरी साडेसाती आहे आणि पहिलीच्या मानाने हिला मी कमी घाबरतो. पहिलीत माझी नोकरी गेली होती. तेव्हा आमच्या गुरुजींनी मला मोठा खर्चाचा विधी सांगितला नाही. शनिवारी तिळाच्या तेलाने अंग रगडून स्नान कर, एक वेळ साधे जेव, रात्री लवकर झोप आणि शनिवारी कोणताही नवा निर्णय घेऊ नकोस, एवढेच त्यांनी सांगितले. शनीचे मूळ नाव शनैश्चर, म्हणजे हळू चालणारा. त्याच्या काळात आपणही हळू चालावे, असे ते म्हणत. माझ्या कुंडलीत त्याने काय झाले हे मला सांगता येणार नाही, पण घाबरलेल्या अवस्थेत जे दोन-तीन मूर्ख निर्णय मी घेणार होतो, ते शनिवार संपेपर्यंत थांबल्यामुळे टळले, एवढे नक्की.

मकर ही शनीची रास. फलज्योतिषात कालपुरुषाच्या, म्हणजे राशिचक्राच्या कल्पित मानवरूपाच्या, शरीरावर धनु रास मांड्यांची आणि मकर गुडघ्यांची मानतात. तीळ शनीचे आणि गूळ सूर्याचा, म्हणून सूर्य आपल्या मुलाच्या घरी जातो त्या दिवशी दोन्ही एकत्र करून वाटायचे, असा एक अर्थ आमच्या घरी सांगितला जाई. नास्तिकरावांना तो पटणार नाही. बाप-लेकाचे पटत नसताना वर्षातून एकदा बापाने पोराच्या घरी जावे, हा भाग तरी त्यांना आवडावा.

हडपसरचा नास्तिक

तो भाग आवडला. गुडघ्यांचाही पटला, कारण थंडीत माझेही दुखतात. ‘शनिवारी निर्णय नाही’ हा नियम मी ग्रहाविना पाळायला तयार आहे. ताईंनी मुहूर्तांविषयी लिहिलेले आणि तुम्ही लिहिलेले एकच आहे, हे मात्र तुमच्या दोघांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

तुळशीपाशी

आले आहे, आणि म्हणूनच या वर्षी मी पौषात दोन गोष्टी पुढे ढकलल्या. स्वयंपाकघराचे नवे काम संक्रांतीनंतर सुरू होईल. एका नातेवाइकांकडच्या समारंभाची जबाबदारीही मी घेतली नाही. त्यांना पंचांगवाचकांच्या सल्ल्यानुसार पौषाचे कारण सांगितले, तर त्यांनी तो समारंभ मार्गशीर्षातच उरकून टाकला आणि मला स्वयंपाकाला बोलावले. ती एक पळवाट मी विचारात घेतली नव्हती.

काल धनुर्मासातला पहिला रविवार झाला. शनिवारी सातला मुगाची आमटी आणि भात खाल्ला, साडेनऊला दिवे बंद केले. झोप लागायला साडेदहा वाजले, कारण शरीराला सवय नव्हती. मुलाची शनिवारी बैठक नव्हती, तरी तो सवयीने बारापर्यंत जागाच होता आणि सकाळी त्याला उठवावे लागले. पाचला सुरुवात केली. पहिल्या दोन भाकऱ्यांना भेगा पडल्या, तिसरीचा पापुद्रा सुटला. पावणेसातला आम्ही सातजण गच्चीत सतरंजीवर बसलो, शेजारच्या आजी दोन शाली पांघरून आल्या होत्या. वैद्यांच्या सांगण्याप्रमाणे लोणी निम्मेच ठेवले होते, पण आजींनी स्वतःच्या डबीतून आणखी आणले आणि त्यांना कोणी काही बोलू शकले नाही.

सूर्य पर्वतीच्या थोडा उजवीकडे वर आला. आमच्या गच्चीतून तो नेहमी पर्वतीमागूनच उगवतो, असे मी इतकी वर्षे समजत होते. मुलाने फोनवर पाहून सांगितले की, तो डावीकडे सरकत सरकत फेब्रुवारीत तिथे पोहोचेल. दुपारी कोणी झोपले नाही, म्हणजे मी झोपले नाही, यजमानांविषयी मी काही लिहीत नाही.

‘गिरणीच्या दारात’ यांना एक विचारायचे आहे. उरलेले पीठ दीड किलो आहे आणि पुढचा रविवार सहा दिवसांवर. डब्यात राहील, की फ्रीजमध्ये ठेवू?

गिरणीच्या दारात

घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, नाहीतर कढत पाणी घालूनही पीठ गारच राहते आणि पुन्हा भेगा पडतील. आजींना विचारून त्यांच्या लोण्याचे विरजण मात्र जरूर मिळवा.